रुख्मिणीची डावी बाजू

९ नोव्हेंबर

चांदूर रेल्वेच्या फलाटावर आम्ही दोघं संत्री सोलत बसलो होतो. लग्नाला चार महिने झाले होते, पॅसेंजर दोन तास उशिरा होती आणि तेवढ्या चार महिन्यांतच आमचं बोलणं संपलं होतं. मी सोलत होते, तो पाहत होता. मग म्हणाला, "तू डावखुरी हायस." मी दचकून संत्रं उजव्या हातात घेतलं. कॉन्व्हेंटमध्ये पहिलीतच सिस्टर अगाथांनी लाकडी पट्टीने माझा डावा हात सुधारला होता, आणि लग्न ठरवताना माझ्या वकील वडिलांनी ही जुनी भानगड अचलपूरच्या भिक्षुकाच्या घरी कळवली नव्हती. नारायण म्हणाला, "सोल ना त्याच हातानं. लौकर होते." एवढंच. मग गाडी आली.

हे आज आठवलं ते संत्र्यांमुळे. मोर्शीहून पिशवीभर आली आहेत आणि यंदाच्या संत्र्यांना वास म्हणून नाही. सोललं तरी नाही, साल डोळ्यासमोर धरून चिमटली तरी नाही. खतं, दुसरं काय. तानुबाई आमच्याकडे एकोणीस वर्षं काम करते आणि माझ्याशी एकाही बाबतीत सहमत होत नाही. ती म्हणाली, अख्खं घर घमघमून राह्यलं. तिला घरी न्यायची असतील.

दुसरी बातमी म्हणजे नारायणने चहा पिताना जाहीर केलं की रुख्मिणीवरचं, म्हणजे आमच्या होडीवरचं, सगळं सामान बदलायचं. कप्प्या, दोऱ्या, दोऱ्या अडकवायच्या पकडी, सगळं. मी विचारलं, का? तर चहा पीत राहिला. वहीत मी त्याला नारायण म्हणते, तोंडावर 'अहो'. कॉन्व्हेंटने मला बंड शिकवलं ते एवढंच.

१० नोव्हेंबर

स्वराली कधीतरी हे वाचेल म्हणून लिहून ठेवते. तिच्या आजोबांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली. पाटबंधारे खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं पाणी अडवलं. धरण पहिल्यांदा भरलं त्या वर्षी कुठल्याशा छात्र पथकाने लिलावात काढलेली चौदा फुटी शिडाची होडी ते घेऊन आले. वऱ्हाडात शिडाची होडी. लोकांनी ट्रॅक्टर घेतले, आम्ही हे घेतलं. तेव्हापासून ती पोर्चमध्ये ताडपत्रीखाली असते आणि गाडी रस्त्यावर उन्हात असते. शेजारचे वामनराव दर दसऱ्याला विचारतात की यंदा सीमोल्लंघन जलमार्गे का.

नाव मी ठेवलं. रुख्मिणीचं माहेर कौंडण्यपूर धरणाच्या याच नदीवर, आणि तिथून पळून जाण्याइतकी हिंमत असलेली एकच मुलगी आमच्या ऐकिवात होती.

होडी दोघांची आहे. म्हणजे चालवायला दोघं लागतात. तो मागे बसतो, सुकाणू आणि मोठं शीड सांभाळतो. मी पुढे, उजवीकडे, लहान शिडाची दोरी धरते. वारा बदलला की तो म्हणतो, "सोड." मी सोडते. "ओढ." मी ओढते. होडीतल्या तीस वर्षांत या दोन शब्दांवरून आमचं कधी भांडण झालं नाही. कागदावर म्हणाल तर मी इंग्रजीची शिक्षिका होते, मुख्याध्यापिका होता होता राहिले. पण कायमची नेमणूक ती एकच, लहान शिडाच्या दोरीवर.

१३ नोव्हेंबर

नारायणने पान्हा काढला आहे. हे लक्षण ओळखीचं आहे.

माझी आई गेली तेव्हा तेराव्यापर्यंत माणूस माझ्याजवळ बसला नाही. त्याने आईच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलला, मग बाथरूमचा, मग मागच्या अंगणातला, जो गळतही नव्हता. जुईलीचं पहिलं लग्न मोडलं तेव्हा तिच्या खोलीच्या खिडक्यांना नवीन कड्या बसल्या. लेक रडत होती आणि हा ड्रिल मशीन चालवत होता. मी त्या वेळी या वहीत लिहिलं होतं की काही माणसांच्या छातीत वॉशर असतो. वाक्य अजून आवडतं.

आता घरात काही बिघडलेलं नाही. नुसता हात शिवशिवतो आहे. आज दिवसभर डोलकाठीच्या पायाशी वाकून बसला होता आणि मी भाजी चिरत असताना दोनदा येऊन पाहून गेला. काय हवंय विचारलं तर म्हणे, "काही नाही, चीर."

२० नोव्हेंबर

अकोल्याला गेलो, शफीकभाईंकडे. त्यांचं दुकान ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्याचं. तीस वर्षांपूर्वी आमचं पहिलं शीड फाटलं तेव्हा नारायण ते त्यांच्याकडे घेऊन गेला. त्यांनी ते उलटंपालटं करून विचारलं होतं, "साहेब, ट्रक कोणता हाय?" तेव्हापासून रुख्मिणीचं सगळं शिवणकाम आणि दोरखंड त्यांच्याकडे. मुंबईहून कप्प्या मागवायच्या तर नारायण त्यांच्याच पत्त्यावर मागवतो, कारण त्या उघडून बघायला त्याला सोबत लागते.

पेटीतून निघालेल्या कप्प्या दोघांनी नव्या सुनेचे दागिने पाहावेत तशा पाहिल्या. अशी कप्पी फिरते तेव्हा आवाज करत नाही, म्हणून ती भारी. चार कप्प्यांतून दोरी ओवली की जड शीड लहान पोरगीही ओढू शकेल, असं शफीकभाई म्हणाले. मी म्हटलं, साहेबांना एवढं जड होतं का आताशा? दोघंही कप्पीकडे पाहू लागले.

मग एक तमाशा. शफीकभाईंनी माझ्यापुढे पाच दोऱ्या ठेवल्या, बारीक ते जाड. "भाभीजी, जरा मुठीत धरून पाहा बरं." मी उजव्या हाताने धरल्या. ते म्हणाले, आता दुसऱ्या हातानं. मी धरल्या. अर्धा तास हे चाललं, मग जाड, मऊ, जरा लोकरीसारखी एक दोरी माझ्या मुठीत नीट बसली तेव्हा नारायण म्हणाला, ही. आयुष्यात प्रथमच माझ्या आवडीने खरेदी झाली, तीही दोरखंडाची. साड्यांच्या दुकानात हा माणूस बाहेर चपलांपाशी उभा राहतो.

परतताना बसमध्ये त्याला विचारलं, दोरी माझ्या पसंतीची का? म्हणाला, "दोरी धरणाऱ्याच्या पसंतीची पाह्यजे." तेव्हा मला बरं वाटलं, हे लिहून ठेवते.

२७ नोव्हेंबर

तिसरा कप फुटला. हल्लीच्या कपांचे कान इतके गुळगुळीत करतात की धरायचं कुठे. तानुबाई तुकडे गोळा करताना म्हणाली, "बाई, कप काहून फुटून राह्यले तुमच्याच हातून?" मी म्हटलं, कारण बाकी कुणी चहा करत नाही. नारायण संध्याकाळी दोन कानांचे स्टीलचे मोठे कप घेऊन आला. लहान बाळाला असतात तसे. मी त्यांत पेनं ठेवली आहेत.

पेनांवरून आठवलं, पूर्वी या वहीत एका दिवसाला एक पान लागायचं. आता एका पानात तीन दिवस मावतात. म्हातारपणी माणूस काटकसर शिकतो. शाळेत सुवाच्य अक्षराचं पितळी पदक मिळालं होतं मला, सलग तीन वर्षं. सिस्टर अगाथा म्हणायच्या, अक्षर म्हणजे आत्म्याचा युनिफॉर्म. माझा युनिफॉर्म आता जरा आटला आहे, इतकंच.

आणि किराण्याच्या याद्या गायब होत आहेत. नारायण निवृत्तीपासून माझ्या याद्या तारीखवार फाईलला लावतो, तूरडाळीची वार्षिक सरासरी काढण्यासाठी. हसू नये, फाईलवर 'तूरडाळ व इतर' असं लेबल आहे. काल जुन्या दिवाळीची यादी शोधायला फाईल उघडली तर मधली मधली पानं नाहीत. याला याद्या का लागतात? आणि दुकानदाराला परवा माझी यादी वाचता आली नाही म्हणे. त्याला चष्मा घ्यायला सांगितलं.

४ डिसेंबर

जुईलीचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. स्वराली म्हणाली, "आजी, तू रागावलीयेस का माझ्यावर?" मी तर हसत होते. नेटवर्क. जुईली म्हणाली, आई, तू हल्ली बोलताना चेहऱ्याने काही सांगतच नाहीस. मी म्हटलं, पस्तीस वर्षं वर्गावर उभी राहिले, चेहरा ठेवणं हा माझा व्यवसाय होता.

मग तिने बाबांना फोन मागितला आणि दोघं पोर्चमध्ये जाऊन बोलले. वीस मिनिटं. बाप लेकीशी वीस मिनिटं बोलला. होडीबद्दलच असणार, दुसऱ्या कशावर त्याला वीस शब्द येत नाहीत.

तो आठवड्यात दोनदा अकोल्याला जातो आहे. मला नेत नाही. परत येतो तेव्हा कप्पी नसते, दोरी नसते. एकदा विचारलं, रिकाम्या हाताने? तर म्हणाला, नंबर लागला नाही. ताडपत्रीच्या दुकानात नंबर.

१० डिसेंबर

आज ताडपत्री काढली आणि मी पाहिलं.

माझी जागा नाही. पुढची फळी, जिथे मी तीस वर्षं बसले, ती कापून काढली आहे. उजव्या काठावरची माझ्या दोरीची पकड काढून तिथली भोकंही बुजवली आहेत, वर सफेदा फासला आहे, जणू तिथे कधी कुणी नव्हतं. होडीच्या मधोमध, तळाशी, एकच खुर्ची. पाठीला टेका असलेली, समोर तोंड करून, आराम बसच्या सीटसारखी. मोठ्या शिडाची दोरी, लहान शिडाची दोरी, शीड वरखाली करायच्या दोऱ्या, सगळ्या कप्प्यांवरून फिरत त्या एका खुर्चीपाशी आल्या आहेत. सुकाणूचा दांडाही लांबवून तिथवर आणला आहे, आणि त्याला एक खिट्टी, म्हणजे हात सोडला तरी तो आहे तिथे राहतो. बसल्या जागी, उठायला नको, वाकायला नको, आणि दुसरं माणूस नको.

लहान शीड तर आता एक दोरी ओढली की चटईसारखं गुंडाळलं जातं. "सोड" म्हणायला कुणी नको, "ओढ" म्हणायला कुणी नको.

वामनराव कुंपणावरून पाहत होते. त्यांनी लगेच काढलं, "नारायणराव, तुमी तं उजवे. दोऱ्या साऱ्या डाव्या अंगाले कशा?" खरंच, सगळ्या पकडी खुर्चीच्या डावीकडे. इतकी वर्षं धरणं बांधली आणि स्वतःचा हात कोणता हे विसरला. मी वामनरावांबरोबर हसले. मोठ्याने हसले, पुष्कळ वेळ. नारायणने पान्हा खाली ठेवला आणि आत गेला.

जेवताना मी विचारलं की माझी बदली कुठे झाली, तेवढं कळवा. तो म्हणाला, "पुढे बसशीन ना कधी, कधी मी बसन." मी म्हटलं, पुढे फळी कुठे आहे? पुढे तर वजन म्हणून दगड ठेवतात. तो म्हणाला, "तेच तं."

नवऱ्याने बायकोला दगड म्हटलं की पुढे बोलण्यासारखं उरत नाही.

११ डिसेंबर

बोलणं बंद. त्याला फरक कळला असेल असं नाही.

त्या होडीत मी आहे की नाही, एवढंच मला हवं आहे. घर त्याच्या पद्धतीने, भाजी त्याच्या पथ्याने, गाडी उन्हात त्याच्या होडीसाठी. पण पाण्यावर गेल्यावर अर्धी दोरी माझ्या हातात असायची आणि मी ती सोडली नाही तर हा उलटला असता. ते एक होतं माझ्याकडे. ते त्याने ताडपत्रीआडून एकेक स्क्रू काढत काढून घेतलं.

१४ डिसेंबर

एकटी अकोल्याला जाऊन आले. शफीकभाईंना सांगणार होते की माझी पकड परत उजव्या काठावर बसवून द्या, साहेबांना विचारायचं नाही, मी मालकीणबाई सांगते आहे. एसटीत अर्ध्या तिकिटाच्या सोयीमुळे अर्ध्या तालुक्याच्या बायका होत्या. मूर्तिजापूरपर्यंत उभी राहून भाषण पाठ केलं. एका पोरीने उठून जागा दिली. माझा हात बसच्या दांडीवर थडथडत होता, खराब रस्ता.

दुकानात शफीकभाई नव्हते, नमाजाला गेले होते. त्यांच्या बायकोने, हलीमाबींनी, आत बसवलं. समोर भिंतीवर खिळ्याला कागदांचा गठ्ठा लटकत होता. होडीचे नकाशे, नारायणच्या हातचे, प्रत्येक दोरीचा मार्ग, प्रत्येक स्क्रूची जागा. मी गठ्ठा काढून पाहिला. कागदाच्या पाठीमागे माझं अक्षर. माझ्या हरवलेल्या याद्या.

आणि प्रत्येक यादीवर 'तूरडाळ' या शब्दाच्या वर आणि खाली लाल पेनाने पट्टी धरून ओढलेल्या दोन रेघा. समोर तारीख आणि माप. २०१६ : त – ५ मिमी. २०२१ : ४ मिमी. मार्च २०२५ : ३ मिमी. दिवाळी २०२५ : दीड मिमी. शेवटच्या यादीत मलाही साखर आणि साबण यांत फरक करता आला नाही.

शफीकभाई आले. माझ्या हातात कागद पाहून दारातच थांबले. मी विचारलं, हे काय आहे. ते म्हणाले, हे तं साहेबांनी डॉक्टरले दाखवाले काढलं होतं, मंग मागच्या बाजूले कोरं होतं म्हून त्याच्यावरच नकाशा काढला. कोणत्या डॉक्टरला? त्यांनी हलीमाबींकडे पाहिलं, हलीमाबींनी मान हलवली की आता सांगून टाका.

"मले वाटलं तुमाले मालूम हाय, भाभीजी. साहेब म्हणे, तिचा उजवा हात थकून राह्यला. डावा जन्माचा मजबूत हाय, कोणी वापरू देल्ला नाही. सारं डाव्या हाताले द्या."

मला आधी राग आला, तो लिहिते, कारण या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरलेलं आहे. सिस्टर अगाथांनी पट्टीने मारलं आणि नवऱ्याने पट्टीने मोजलं. माझ्या अक्षराची घट, तूरडाळीच्या घटीसारखी, तारीखवार. महिनोन्महिने मी समोर बसले आहे आणि हा माणूस माझ्याकडे न पाहता माझ्या 'त'कडे पाहतो आहे.

हलीमाबींनी चहाचा ग्लास आणला आणि माझ्या डावीकडे ठेवला. मी तो डाव्या हाताने उचलला. सांडला नाही. मग मात्र मला रडू आलं, आणि चेहऱ्यावर ते आलं की नाही, कोण जाणे.

१५ डिसेंबर

काल घरी आले तेव्हा तो पोर्चमध्ये होडीत, त्या खुर्चीत बसला होता. डाव्या हाताने दोरी ओढत होता, सोडत होता. बोटाची साल निघालेली. उजव्या माणसाने डावी खुर्ची बनवली तर तपासणार कोण, तोच.

मी याद्यांचा गठ्ठा त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, अहो, हे तोंडाने सांगता येत नव्हतं?

त्याने कागद सरळ केले. मग म्हणाला, "तुले सांगतलं असतं तं तू हसली असती."

मी म्हटलं, हो, हसले असते.

"हसली असती तं चाललं असतं," तो म्हणाला. "नसती हसली तं मी काय केलं असतं?"

बेचाळीस वर्षांत त्याने उच्चारलेलं हे सर्वांत लांब वाक्य असेल. मी त्याला छातीतल्या वॉशरबद्दल सांगणार होते, पण मग आठवलं की आईच्या घरचे ते तीन नळ अजून गळत नाहीत.

मी होडीत उतरले. उतरताना तोल गेला, त्याने हात दिला नाही, नुसता पुढे करून ठेवला. खुर्चीत बसले. सगळं हाताच्या अंतरावर होतं. डाव्या हाताच्या. जाड मऊ दोरी मुठीत आली तेव्हा कळलं की साड्यांच्या दुकानाबाहेर उभा राहणारा हा माणूस पाच दोऱ्यांपुढे अर्धा तास का उभा होता.

१६ डिसेंबर

बरं, सगळं माफ नाही. माझ्या हाताबद्दल माझ्याआधी ताडपत्रीवाल्याला, लेकीला आणि कुण्या डॉक्टरला ठाऊक होतं. तानुबाईला विचारलं, तिलाही ठाऊक होतं. "साहेब म्हणे, बाईले काही बोलू नको, कप मी आणून देतो." घरात गुप्तता पाळली गेली ती फक्त माझ्यापासून. मी त्याला सांगितलं की पुढच्या वेळी नंबर लावायचा तो पेशंटला घेऊन लावायचा. तो म्हणाला, "बरं." आणि फळी कापण्याआधी विचारायचं. "बरं." आणि दगड? म्हणाला, "दगड मी होतो ना, पुढचा. तूच कशी?"

२ जानेवारी

अकोल्याला डॉक्टरांकडे. तरुण आहेत, बोलतात हळू, जणू मी बहिरीही आहे. उभं केलं, चालवलं, बोटं उघडमीट करायला लावली, शेवटी कागद देऊन म्हणाले, एक वाक्य लिहा. मी इंग्रजीत लिहिलं की बसल्या बसल्या वाक्य सुचत नाही. ओळीच्या शेवटी अक्षरं मुंग्यांसारखी झाली होती. संत्र्यांचं सांगितलं तर ते म्हणाले, वास जाणं कित्येकदा हातांच्या आधी सुरू होतं. म्हणजे मोर्शीची संत्री निर्दोष. खतवाल्यांचीही मी क्षमा मागते.

पार्किन्सन. मराठीत कंपवात. औषध आहे, बरं होणं नाही. पुष्कळ वर्षं नीट जातील, हळूहळू जातील. नारायणने विचारलं, "डावा हात?" डॉक्टर म्हणाले, सध्या उत्तम आहे, तोही पुढे येईल यात, पण कधी ते सांगता येत नाही. नारायणने खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. मी डोकावले. 'खिट्टी दुसऱ्या अंगालाही.'

१८ जानेवारी

धरणावर गेलो. हवा उत्तरेची, बरी. नारायण पुढे, तळाशी, गोणपाटावर मांडी घालून, हातात एकही दोरी नाही. पस्तीस वर्षं पाणी अडवलेला माणूस आणि त्याला काही अडवायला नाही. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी पिशवीतून संत्री काढली.

मी खुर्चीत. शीड ओढलं, चार कप्प्यांतून, आवाज न करता वर गेलं. काठावर धरणाचा चौकीदार उभा होता, साहेबांना सलाम करायला. साहेब पुढे वजन म्हणून बसलेले पाहून त्याने अर्धा सलाम केला आणि उरलेला मला.

मधे एक झोत आला. होडी कलली, पाणी काठाशी आलं. तीस वर्षं या क्षणी मागून "सोड" ऐकू यायचं. मी वाट पाहिली. नारायणने तोंड उघडलं, मिटलं, आणि संत्र्याकडे पाहत राहिला. मग मी दोरी पकडीतून वर उचलली आणि सोडली. कुणी सांगितलं नाही. डाव्या हाताने, पहिलीपासून उगाच बसवून ठेवलेल्या. होडी सरळ झाली. उजवा हात मांडीवर आपला आपण थरथरत होता, थरथरू दिला.

पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. येताना नारायणने एक फोड पुढे केली. मी विचारलं, वास येतो का? म्हणाला, येते ना. कसा येतो, सांगा. त्याने एवढा विचार केला की मी एक वळण घेतलं.

"चांदूर रेल्वेसारखा," तो म्हणाला.

२१ जानेवारी

हे डाव्या हाताने लिहिते आहे. पहिलीतल्या मुलीचं अक्षर. एका ओळीत चार शब्द मावतात. सिस्टर, क्षमस्व.

हात चालतो आहे तोवर लिहून ठेवते, कुणाला काय द्यायचं.

रुख्मिणी स्वरालीला. ती उजवी आहे. दोऱ्या हव्या त्या बाजूला फिरवाव्यात, पण आजोबा असेपर्यंत पान्हा त्यांच्याकडून मागून घ्यावा. कधी मागितला नाही तर त्यांना वाईट वाटेल, आणि ते सांगणार नाहीत.

माझी जुनी दोरी, लहान शिडाची, तानुबाईला. कपडे वाळत घालायला तिची नजर नोव्हेंबरपासून आहे. दोन कानांचे कपही तिला, माझे वापरून झाल्यावर. आता त्यांत पेनं नाहीत.

जुनं शीड हलीमाबींना. त्या ग्लास कुठल्या बाजूला ठेवायचा ते न सांगता ओळखतात, त्या कापडाचं काय करायचं तेही ओळखतील.

अक्षराचं पदक जुईलीला. ती मेसेजशिवाय काही लिहीत नाही, तिचे कागद उडू नयेत म्हणून.

उजव्या काठावरून काढलेली पकड वामनरावांना. कारण विचारतील. सांगू नये.

या वह्या नारायणला. वॉशरचं वाक्य खोडलेलं नाही, ते वाचावं, शेजारी आता दुसरं लिहिलं आहे तेही वाचावं.

'तूरडाळ व इतर' ही फाईल त्याचीच आहे, त्याच्याकडे राहू द्यावी. फूटपट्टी मात्र कुणालाच नाही. ती धरणात, मधोमध, खोल पाण्यात टाकावी.

त्याआधी या पानावरचा 'त' एकदा मोजून घ्यावा.